निवेदनातली चौथी मागणी

बायको छत्तीस वर्षांची झाली आणि सरकारने तिचा नाद सोडला.

इथे आयर्लंडमध्ये गर्भनिरोधनाचा खर्च सरकार करतं. पण फक्त बायकांचा, आणि तोही ठरावीक वयापर्यंत. ही वयाची मर्यादा अधूनमधून वर सरकायची आणि माझी बायको दर वेळी तिच्या एक पाऊल पुढे असायची. शेवटी मर्यादा पस्तिशीवर आली तेव्हा बायकोही पस्तिशीची होती. पाच-सहा आठवडे आम्ही सरकारच्या गोळ्या खाल्ल्या, म्हणजे तिने खाल्ल्या. मग वाढदिवस आला. औषधाच्या दुकानातल्या मुलीने स्क्रीनकडे बघून आधी 'हॅपी बर्थडे' म्हटलं आणि मग पैसे मागितले.

मला हे फारच विनोदी वाटलं आणि पुढचे आठ दिवस मी हा किस्सा दिसेल त्याला सांगितला. बायको हसायची नाही. मी सांगायला लागलो की ती उठून चहा टाकायला जायची.

त्याच सुमाराला तिची डोकेदुखी वाढली. आधी डोळ्यांसमोर चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा, मग अर्धं डोकं, मग पडदे ओढून आडवं पडणं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्या त्या दिवसापासून बंद करायला सांगितल्या. अशी डोकेदुखी असताना या गोळ्या घेत राहिलं तर मेंदूत गुठळी व्हायचा धोका वाढतो. तांबी तिने धाकटीच्या जन्मानंतर बसवून बघितली होती. वर्षभर जे काही भोगलं त्यानंतर ती काढून टाकली आणि तो विषय तिच्यापुरता संपला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं म्हणे, नवऱ्याचं काय.

ओंगारला, आमच्या उपनगरात, घरी परत येताना गाडीत तिने मला हे सगळं सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "बारा वर्षं मी बघितलं. आता तू बघ."

"बघतो," मी म्हणालो.

आता माझी नोकरी अशी की वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात मी व्हॅलिडेशनचं काम करतो. म्हणजे एखादं यंत्र चालू करायचं तर आधी ते का चालू करायचं याचा कागद, चालू केल्यावर काय होणार याचा कागद, आणि झालं ते ठरल्याप्रमाणे झालं याचा कागद. तिन्हींवर सह्या झाल्याशिवाय बटणाला कोणी बोट लावत नाही. हीच शिस्त मी स्वतःला लावली. बटण राहू दे, आधी कागद.

पहिला कागद विम्याचा. कंपनीने काढून दिलेला आमच्या कुटुंबाचा आरोग्य विमा आहे. त्यांना फोन लावला. बराच वेळ बासरीसारखं काहीतरी ऐकवल्यावर एक मुलगी आली. फार गोड बोलली. बाळंतपण विम्यात आहे म्हणाली, नंतर नर्स घरी येते तेही आहे, आईला योगवर्गही आहे. पुरुषाची नसबंदी मात्र तुमच्या प्लॅनमध्ये नाही. म्हणजे मूल झालं तर तुम्ही सगळा खर्च करणार आणि होऊ नये म्हणून मी काही करायला गेलो तर नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली की असं कोणी मांडून बघितलं नव्हतं, पण हो, साधारण तसंच. आणखी काही मदत हवी का?

फोन ठेवला तेव्हा माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला होता. मला अन्याय सापडला होता. ज्याला अन्याय सापडतो त्याला स्वतः काही करावं लागत नाही, फक्त बोलावं लागतं. आणि बोलायला मी कधीच तयार असतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विषय काढला. आमच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेला एक आयरिश सहकारी बसतो. त्याने शांतपणे सँडविच संपवलं आणि सांगितलं की त्याच्या तरुणपणी या देशात कंडोम घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागायची, आणि चिठ्ठीही संसार करणाऱ्यांनाच मिळायची. त्याचा थोरला भाऊ उत्तरेत सरहद्दीपलीकडे जाऊन मोज्यांच्या गुंडाळीत लपवून आणायचा. "आम्ही आयुष्यभर मिळावं की मिळू नये यावर भांडलो," तो म्हणाला. "आता पैसे कोणी द्यायचे यावर भांडतोय. म्हणजे प्रगती आहे." मग त्याने विचारलं, तुमच्याकडे कसं होतं?

मी सांगितलं की आमच्याकडे सरकार भिंतीवर त्रिकोण रंगवून मागे लागायचं, दवाखान्यात डबा भरून फुकट ठेवायचं आणि ऑपरेशन करून घेतलं तर वर बक्षीस द्यायचं.  मग आम्ही दोघंही गोंधळून कामावर गेलो.

संध्याकाळी मी हाच विषय मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. एकाने लिहिलं, माझ्या करातून दुसऱ्याच्या बेडरूमचा खर्च का. मला पटलं, मी अंगठा दिला. दुसरीने लिहिलं, मग तुझ्या गुडघ्याचा खर्च माझ्या करातून का. तेही पटलं. तिलाही अंगठा. तिसरा म्हणाला, बाळंतपणाचा खर्च केवढा, त्यापेक्षा हे विमा कंपनीलाच परवडेल, तर त्याला उत्तर आलं की विमा हा अपघातासाठी असतो आणि ही काही अपघाताची गोष्ट नाही, त्यावर कोणीतरी लिहिलं की आमच्याकडे तर अपघातच होता, आता दुसरीत आहे. मी सगळ्यांना अंगठे देत गेलो. कोणीतरी विचारलं की तू नक्की कोणत्या बाजूला आहेस. तेव्हा मी वर जाऊन स्वतःचे मेसेज वाचले. काही कळलं नाही.

घरी बायको विचारायची, "काय झालं?"

"चर्चा चालू आहे," मी सांगायचो.

मधल्या काळाची खबरदारी माझ्याकडे होती. ती मी कशी घेतली हे विचारू नका. बऱ्यापैकी, एवढंच म्हणतो.

हिवाळ्याच्या तोंडावर निवडणूक लागली. आम्ही दोघं नुकतेच इथले नागरिक झालो होतो, पहिलंच मतदान. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला एक उमेदवार बाई येणार असं ठरलं आणि अध्यक्षांच्या अंगात आलं. उमेदवार येणार म्हणजे निवेदन द्यायला पाहिजे. निवेदन देताना फोटो पाहिजे. इथल्या लोकांना हा प्रकार माहीतच नाही. ते बिचारे उमेदवार दारात आला की फूटपाथवरचा खड्डा दाखवतात आणि आत जातात. आपल्याकडे लेटरहेड लागतं.

अध्यक्षांचा फोन आला. मागण्या तीनच आहेत म्हणाले. गणपतीला हॉल, स्टेशनपर्यंत जादा बस, क्रिकेटला मैदान. "तीन मागण्यांचं निवेदन तोकडं दिसतं राव. तुझं लिहिण्याचंच काम आहे. चौथी काहीतरी टाक, वजनदार."

मी टाकली. पुरुषांचं गर्भनिरोधन सरकारी योजनेत घ्यावं आणि विमा कंपन्यांना ते देणं भाग पाडावं. लिहिताना लहानपणापासून वाचलेली सगळी निवेदनं हाताशी होती. निवेदनात कोणालाही साधी अडचण होत नाही, अतोनात हाल होतात. गैरसोय होत नाही, सहनशीलतेचा अंत होतो. माझ्या वडिलांनी एकदा नळाला पाणी कमी येतं म्हणून नगरपालिकेला दिलेल्या अर्जात आपण मरणाच्या दारात असल्याचं लिहिलं होतं आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याच थाटात मी इंग्रजीत लिहिलं की खाली सही करणाऱ्याने या सर्व यातना स्वतः आणि स्वखर्चाने भोगल्या आहेत, आणि इतर कुटुंबांवर ही वेळ येऊ नये एवढीच त्याची तळमळ आहे. यातना म्हणजे ती बासरी. स्वखर्च म्हणजे फोनचा. हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

अध्यक्षांनी आणि सात पदाधिकाऱ्यांनी न वाचता सह्या केल्या. माझी सही सगळ्यात खाली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दोन्ही मुलींना आणि सासूबाईंना घेऊन हॉलवर गेलो. सासूबाई अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बायको म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून. उमेदवार बाई आल्या, त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांनी बाळासारखा कडेवर धरला. निवेदन हातात घेतलं आणि, जे आजवर कोणत्याही नेत्याने केलेलं नाही ते केलं. तिथल्या तिथे वाचलं. चौथ्या मागणीपाशी त्यांचा चेहरा बदलला. सही करणारा कोण म्हणून विचारलं. अध्यक्षांनी मला पुढे ढकललं, आणि उत्साहाच्या भरात एक उरलेली शाल माझ्याही खांद्यावर टाकली.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पुरुष यावर कधी बोलत नाहीत म्हणाल्या. फार धीराचं काम केलंत. आणि आता कसं आहे?

"ग्रँड," मी म्हणालो. इथे कसं आहे विचारलं की ग्रँडच म्हणतात.

हे आमच्या पत्रकात घेतलं तर चालेल का, त्यांनी विचारलं. फोटो छापून येणार म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकलंच नाही.

आठवड्याभरात ओंगारच्या प्रत्येक दारातून ते पत्रक आत पडलं. वर बाईंचं नाव, खाली शाल पांघरलेला मी, आणि शेजारी ठळक अक्षरात मजकूर, की विम्याने हात वर केल्यामुळे स्वतःच्या खिशातून नसबंदी करून घ्यावी लागलेला दोन मुलींचा हा बाबा आता इतरांसाठी लढतो आहे.

थोरलीने ते दारातून उचललं, उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "डॅड, व्हॉट्स अ व्हसेक्टमी?" मी म्हणालो, आईला विचार. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण जावयाचा फोटो कळला. त्यांनी शेजारच्या दोन घरांतली पत्रकंही मागून आणली, एक फ्रिजवर लावलं आणि एकाचा फोटो काढून अकोल्यापासून यवतमाळपर्यंत पाठवला. तिकडून अभिनंदनाचे फोन आले. मी निवडणुकीला उभा आहे अशी तिकडची समजूत झाली होती.

खरी पंचाईत बाहेर होती. शाळेच्या गेटपाशी, सुपरमार्केटात, ज्यांना मी ओळखतही नाही असे आयरिश बाप्ये माझ्या पाठीवर हळूच थाप मारायचे. फार हळूच, कारण माणूस ऑपरेशनचा. एकजण बटाट्यांच्या आड नेऊन विचारू लागला, दुखतं का. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण वाचन माझं दांडगं झालं होतं. मी सांगितलं की सुईपुरतं, मग ओढल्यासारखं वाटतं, दोन दिवस जड काही उचलू नका. मराठी मंडळी खासगीत मेसेज करायची, किती दिवस रजा लागते, सायकल कधीपासून चालवता येते. मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिलं. त्यातले दोघं तर सरळ जाऊन करून आले. एकाच्या बायकोने दुकानात माझ्या बायकोला मिठी मारली आणि म्हणाली, नशीबवान आहेस.

मला बायकोचा अंदाज येत नव्हता. पत्रक तिने वाचलं होतं, पण बोलत नव्हती. चिडली म्हणावं तर जेवायला वाढत होती. मी माझ्या परीने तिला टाळत होतो, म्हणजे घरात तिच्याआधी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होतो. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात सापडलो. ती किराणा प्रेसमध्ये लावत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मुलींमुळे आम्हीही म्हणतो.

डाळीचा डबा ठेवता ठेवता तिने विचारलं, "कधी केलंस?"

"काय?"

"ऑपरेशन. अख्ख्या ओंगारात फक्त मलाच माहीत नाही म्हणून विचारलं."

"अगं, मुद्दा धोरणाचा आहे. हे बघ, बाळंतपणाला विमा पैसे देतो आणि—"

"दिवाळीला मी हॉलवर उशिरा आले. का, ते विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, साडी.

"नऊ दिवस वर गेले होते," ती म्हणाली. "तू शाल घेत होतास तेव्हा मी घरी वरच्या बाथरूममध्ये चाचणीच्या पट्टीकडे बघत बसले होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, या डोकेदुखीत आता दिवस राहिले तर फार जपावं लागेल. ते मी तुला सांगितलं होतं. गाडीत."

सांगितलं असणार. मला सिग्नल आठवत होता.

"मग? काय आलं?" मी विचारलं. तीन आठवड्यांनी.

"काही नाही आलं म्हणूनच तर तुला वाढतेय." तिने प्रेसचं दार लावलं. "पैसे सरकारने द्यायचे, कंपनीने द्यायचे, का त्या बाईंनी, ते तुम्ही सगळे मिळून ठरवा. मला फक्त तू कोणत्या तारखेला जाणार ते सांग."

 इतक्या आठवड्यांत मी या विषयावर जेवढं बोललो होतो तेवढं आयुष्यात कशावर बोललो नसेन, आणि हा एवढा एकच प्रश्न माझ्या कोणत्याही कागदावर नव्हता.

सोमवारी फोन लागेना म्हणून मी कामावर जायच्या आधी दवाखान्यातच गेलो. पाच-सहा जण बसलेले. काउंटरवरच्या बाईंनी मला लगेच ओळखलं, पत्रक त्यांच्याही घरी पडलं होतं. काय त्रास होतोय का म्हणून काळजीने विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं की नसबंदीसाठी नाव लावायचंय. त्यांना वाटलं त्या चुकीचं ऐकतायत. "पण तुमची तर झाली आहे ना?" त्या म्हणाल्या. आवाज चांगला खणखणीत.

मी म्हणालो, झालेली नाही.

"पत्रकात आहे."

"पत्रकात आहे, पण झालेली नाही."

खुर्चीवरच्या एका आजोबांनी पेपर खाली केला. काउंटरवरच्या बाईंनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि तारीख लिहून दिली. डिसेंबरातली. बहुधा त्यांना वाटलं असावं की इंडियात हे दोनदा करतात.

मधे मतदान झालं. इथे एकालाच शिक्का मारायचा नसतो, उमेदवारांना पसंतीचे आकडे द्यायचे असतात. मी आमच्या बाईंना एक दिला. दोन ज्याला दिला तो असल्या योजनांवर एक पैसाही खर्च करू नये म्हणणारा होता. त्याचंही पत्रक मला वाचताना पटलं होतं. बाई थोडक्यात पडल्या. माझ्या आकड्यांचा त्यात हात नसावा अशी आशा आहे.

ऑपरेशनला वीस मिनिटं लागली. मी लोकांना जे जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं खरं निघालं. बायकोने गाडी चालवली, मी शेजारी बसून प्रत्येक खड्डा मोजला. घरी सोफ्यावर पाय वर करून पडलो. सासूबाई समोर येऊन बसल्या. लेकीने त्यांना एव्हाना खरं काय ते सांगितलं होतं. फ्रिजवरचं पत्रक त्यांनी काढलं नव्हतं, फक्त वर लोहचुंबक सरकवून मजकूर झाकला होता.

"जावईबापू, दोन दिवस उठाचंच नाही म्हने डॉक्टर?"

"हो आई."

"मायं झालं तवा शाळेत क्याम्प होता. बाकावर निजोलं, अन् संध्याकाळी एसटीनं घरी. सैपाक म्याच केला."

"आणि बाबा?" मी विचारलं.

"त्याहिले कोनं इचारलं?" त्या म्हणाल्या. "इचारा लागते हे बी कोनाले मालूम नोतं." मग उठल्या आणि माझ्या पायाखाली आणखी एक उशी ठेवली. बायको दारात उभी होती. ती हसत होती की काय, मला पडल्यापडल्या नीट दिसलं नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं असं नसतं. काही महिन्यांनी नमुना तपासून घ्यावा लागतो आणि तोवर सगळं पूर्वीसारखंच सांभाळायचं. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हे अगदी योग्य होतं. या वेळी खबरदारी मी नीट घेतली. सासूबाई जानेवारीत परत गेल्या. एप्रिलमध्ये पत्र आलं. सगळं ठीक आहे, आता दुसऱ्या कशाची गरज नाही. बायकोने ते दोनदा वाचलं, घडी करून पासपोर्टांच्या फायलीत ठेवलं आणि फोन हातात घेतला. मला वाटलं, आईला कळवतेय. वाकून बघितलं तर ती एक अ‍ॅप काढून टाकत होती. गुलाबी गोल, आत तारखा, काही तारखांखाली ठिपके. हे मी तिच्या फोनवर कधीच बघितलं नव्हतं.

"हे काय होतं?"

"पाळीच्या तारखा."

"कधीपासून?"

"फोन घेतला तेव्हापासून. त्याआधी डायरीत होत्या." फोनने विचारलं, नक्की काढायचं का, सगळी माहिती जाईल. तिने हो दाबलं आणि फोन पालथा ठेवून मुलींना जेवायला हाक मारली.